तुमचं कार्ड आणि लॉरीचे सहा प्लग

वणी, मार्गशीर्ष, सन १९५८

तीर्थरूप धावजीकाका यांस,

पुतण्या नेमसिंगचा पायांवर डोकं ठेवून राम राम. इकडं मी बरा आहे, लॉरी मध्यम आहे. तिकडं तांड्यावर तुमची बैलं कशी आहेत, त्यांच्यामागून तुमची तब्येत कशी आहे, अन् त्याच्यामागून भुरीकाकीचा गुडघा कसा आहे ते कळवावं. (हा क्रम मी लावला नाही, तुमच्या घरातलाच आहे.) तुमचं कार्ड पोचलं. मास्तरांच्या हातून तुम्ही लिहवून घेतलं होतं की पेट्रोल पिणारा बैल कोणाले पुरला नाही, अन् एक दिवस तुझ्या लॉरीले आपलेच बैल ओढतील. ते कार्ड मले भलतं कामी आलं. कसं, तेच सांगाले बसलो आहे. तिसरीत शाळा सुटली, त्यामुळं ऱ्हस्व-दीर्घ मास्तरांनी वाचता वाचता आपल्या पदरचं घालावं.

तुमाले ठाऊकच आहे, मी ज्या लॉरीवर क्लिनर आहे तिचे ड्रायव्हर देवीलालभाऊ. पहिल्या दिवशी मी वणीच्या नाक्यावर उपाशी बसलो होतो, तर या माणसानं काही न विचारता अर्धी भाकर तोडून दिली अन् म्हणाला, "बस मागं, कोळशावर. पडशील तर सांगून पड." असा माणूस. अन् आमचे शेठ महिन्यापासून म्हणून राह्यले की लॉरी गॅलनमागं सहाच मैल देते, मंग उरलेलं पेट्रोल देवीलाल कुठं विकतो. तोंडावर नाही म्हणत, टाकीत काठी घालून पाहतात अन् देवीलालभाऊंकडं पाहून हसतात. शेवटी सांगितलं, संक्रांतीपर्यंत गॅलनले नऊ मैल पडले नाहीत तर चोर म्हणून काढीन. देवीलालभाऊ त्या दिवशी जेवले नाहीत, म्हणून मीच ठरवलं की पेट्रोल जाते कुठं ते पाहाचं.

लॉरीच्या मिस्त्रीनं सांगितलं, प्लग काढून पाह्य. आमच्या लॉरीले सहा प्लग. प्लग म्हणजे चिनीमातीची बोटभर दांडी, खाली लोखंडाचं नाक, अन् नाकासमोर एक वाकडा दात. नाक अन् दात यांच्यात थोडीशी फट, तिले गॅप म्हणतात. त्या फटीतून ठिणगी उडी मारते अन् पेट्रोल पेटते. मिस्त्री प्लगाचं नाक पाहून सांगतो की लॉरीले काय झालं. काळं काजळलं तर पेट्रोल जळतच नाही, तसंच धुरात जाते. पांढरं फटक पडलं तर आत ताप चढला. भाजल्या भाकरीचा रंग असला तर ब्येस. मले एकदम तुम्ही आठवले. तुम्ही बाजारात बैलाची जीभ बाहेर ओढून अशीच पाहता, अन् विकणाऱ्याचा चेहरा पाहूनच भाव पाडता. आमच्या सहाही जिभा काळ्या निघाल्या.

मंग नवे प्लग घ्याले गेलो. दुकानदारानं दोन तऱ्हेचे दाखवले, एक आखूड नाकाचा, एक लांब नाकाचा. मी विचार केला, लांब नाक आत जास्त पोचत असेल, तर जास्त जाळत असेल. (बैल घेताना तुम्हीही लांब शेपूट पाहता. काहून पाहता ते मी कधी विचारलं नाही, आता विचारून राह्यलो.) लांब नाकाचे बसवले. लॉरी अशी पळाली की देवीलालभाऊ गाणं म्हणू लागले. कापसाच्या जिनापाशी आल्यावर शेठ स्वतः कौतुकानं वर चढले अन् चावी काढून घेतली. चावी शेठच्या हातात अन् लॉरी चालूच. धडधड, धडधड. शेठ चावीकडं पाहे, मंग लॉरीकडं पाहे. मिस्त्रीले बोलावलं, तो म्हणाला, "अबे, लांब नाक जास्त तापते. ओझ्याच्या लॉरीले आखूड पाहिजे. हिच्या आत निखारा झाला, आता ठिणगी कायले लागते?" ते प्लग परत गेले, आखूड आले.

आता राहिली गॅप. मिस्त्री ती आरीच्या पात्यानं मोजतो, पण पातं कोणाले देत नाही. माझ्यापाशी तुमचं कार्ड होतं. त्याची एक घडी घातली, म्हणजे दोन पदर झाले. ते फटीत सरकवलं अन् दात ठोकून बसवला. लॉरी गुमान चालू लागली. पण काका, मले त्या फटीनं झोप येऊ दिली नाही. फट बुजवली तर ठिणगी नाही, फार केली तरी नाही. म्हणजे जिथं काहीच नाही तिथंच सगळं काम होते. तुम्ही म्हणता ना, जुवात बैल खेटले तर खांदे सोलते अन् फाकले तर गाडी वाकडी जाते, तसंच. पण बैलांचं तुमाले कळते, ठिणगीले कोण सांगते? अन् दोन पदरांत एवढा फायदा, तर चार पदरांत किती? एवढंच पाहाचं होतं. एक घडी आणखी घातली.

सपाटीवर लॉरी फुलासारखी चालली. दारव्ह्याच्या अलीकडं कोळसा भरलेली चढाले लागली अन् खोकून खोकून उभी राह्यली. ओझ्याखाली ठिणगीले एवढी उडी झेपत नाही, हे मले तिथं कळलं. फट कमी कराले गोट्यानं ठोकलं, तर तीन प्लगांची चिनीमाती फुटली. तुमचं कार्ड खाली ठेवलं होतं, ते एका बैलानं खाल्लं. बैल तिथं काहून होता? तर बाजारावरून गाड्या परतत होत्या. पुढच्या गाडीवर बबनराव नावाचे पाटील होते. त्यांनी लॉरीभोवती एक चक्कर मारली अन् विचारलं, "इले पाणी दाखवलं का?" मंग चार जोड्या जुंपल्या अन् अकरा मैल ओढून आमाले दारव्ह्यात आणून सोडलं. वाटेत जो भेटे तो बैलांले राम राम करे, आमाले नाही.

दारव्ह्यात नवे प्लग घेतले, तिथल्या मिस्त्रीनं पात्यानं गॅप लावून दिली, अन् परत वणीले आलो. शेठनं काठी घातली. गॅलनले साडेनऊ. शेठनं विचारलं, काय केलं? मी म्हणालो, गॅप. (खोटं नाही काका. गॅपमुळंच लॉरी बंद पडली, अन् बंद पडली म्हणून पेट्रोल वाचलं.) पण देवीलालभाऊंले ते पचलं नाही. त्यांनी बैलांचं सगळं सांगून टाकलं. म्हणाले, चोर नाही हे दाखवाले खोटं बोललो तर मंग चोर कोण? आता शेठ म्हणतात, पौषातल्या पहिल्या सोमवारी मी स्वतः लॉरीत बसतो, महागाववरून फुलसावंगीच्या जिनाले कोळसा नेऊ, अन् नऊ पडले नाहीत तर तिथंच उतरवून देतो. वाट आपल्या तांड्यावरून आहे. किती पेट्रोल बैलांनी वाचवलं अन् किती फटीनं, हे कोणालेच माहीत नाही. मले ते जाणून घ्याची फार इच्छा आहे, पण देवीलालभाऊंच्या नोकरीवर नको.

लहानांले गालगुच्चा, मोठ्यांच्या पाया पडतो, बैलांच्या पाठीवर थाप.

तुमचा
नेमसिंग

ता. क. तांड्याजवळच्या नाल्याच्या चढापाशी त्या सोमवारी चार जोड्या अन् जाड दोर ठेवता येईल का?

ता. क. दुसरा. वरचं रद्द समजावं. देवीलालभाऊ म्हणतात, अकरा मैलांत असं कितीक वाचलं, बाकी काम प्लगाचंच आहे. परीक्षा आहे तर खरीच होऊ दे. बैल आणू नये.

ता. क. तिसरा. (मास्तर, हे हळू वाचा.) दुसरं लिहिलं तेव्हा देवीलालभाऊ माझ्या खांद्यावरून पाहत होते. आता ते आंघोळीले गेले. शेठ महागावले जेवतात अन् जेवले की लॉरीत घोरतात, तांडा जाईपर्यंत उठत नाहीत. देवीलालभाऊंले मी चढावर समजावतो. तुमचं कार्डातलं बोलणं खरं होईल, मंग जन्मभर बोलून दाखवा. फक्त येताना बैलांच्या घुंगरमाळा काढून ठेवाव्या. शेठ घोरत असले तरी घुंगरांनी जागे होतील.