जाळीपलीकडचं बोलणं

१४ सप्टेंबर
रेशमाच्या चॉकीच्या, म्हणजे लहान अळ्या आल्या. रफिकभाईंच्या पिकअपमधून, ऊन चढायच्या आत. गणेश (इथून पुढे ग., शाई वाचते) मागून मोटारसायकलवर आला. आठ वर्षं हा पोरगा पिकअपमध्ये रफिकभाईंच्या शेजारी बसून, अळ्यांचे ट्रे सांभाळत आलाय. आज मोटारसायकल का? विचारलं. "काकू, रस्त्यात काम होतं." कसलं ते सांगितलं नाही. रफिकभाईंनी ट्रे उतरवायला हात लावला तर म्हणाला, "राहू द्या, मी घेतो." चांगलं बोलला, पण बघितलं नाही त्यांच्याकडे.
पाला तीन वेळा. उंबऱ्याला चुना टाकला.

१६ सप्टेंबर
संध्याकाळी शेडमागच्या ओट्यावर ग.च्या बरोबरीची पोरं जमली. चार आपल्या गावातली, एक जालन्याहून आलेला, पांढरा शर्ट, सगळे त्याला दादा म्हणतात. मीच चहा नेला. "मावशी, उगीच त्रास घेतला." अगदी गोड. मी गेले की बोलणं बंद, पाठ फिरवली की सुरू. गोड बोलणारा माणूस मला पहिल्यापासून सोसत नाही.
मनीषाला फोन केला. ती पुण्यातून म्हणते, "आई, त्याच्याशी बोलणं बंद कर. अशांशी बोललं की त्यांना वाटतं आपण त्यांच्यातले." तिचं बरोबर असेलही. पण दिवसातून तीन वेळा मला त्याच्याबरोबर पाला टाकायचाय. काय खुणा करू? हे गेले तेव्हा शेड मोडायला निघाले होते मी. "काकू, मी आहे ना" म्हणून याच पोराने रॅक परत उभे केले. पुतण्या कसला, भागीदार आहे माझा. त्याच्याशी बोलणं बंद करायचं म्हणजे...

१८ सप्टेंबर
अळ्या मोल्टवर. म्हणजे कात टाकेपर्यंत पाला नाही, हात रिकामे. रिकाम्या हाताला विचार फार.
दुपारी रफिकभाई आले. ह्यांचे जुने दोस्त. बसले नाहीत, उभ्यानेच बोलले. "वैनी, गणेश माझ्या सलामचा जवाब देऊन न्हाई राह्यला." मी म्हटलं, ताप आहे त्याला. खोटं बोलले. ते हसले. मग म्हणाले, "तुमच्या ओट्यावर कोण कोण येऊन राह्यलंय, आम्हाला बी कळतं. चहा पण जातो म्हणे." त्यांनाही माझा संशय! मला फार लागलं ते. मग आवाज खाली करून, "बोला त्याच्याशी. घरचं पोरगं हाय. तुम्ही सोडलं तर मंग बिलकुल त्यांचंच होऊन जाईल."
लेक म्हणते बोलू नको, रफिकभाई म्हणतात बोला. आधी नक्की काय चाललंय ते कळू दे, मग बघू.

१९ सप्टेंबर
मोल्ट उठला. पाला सुरू. ग.चा मोबाइल रॅकवर होता, मी जवळ गेले तर उलटा करून ठेवला.

२१ सप्टेंबर
शेड आणि ओटा यांच्या मध्ये कोठी आहे. पोती, कोष धरायच्या चंद्रिका, जुनी फवारणीची टाकी, असलं सगळं सामान. कोठीची एक खिडकी ओट्यावर उघडते. दुसरी शेडमध्ये, तिला नुसती जाळी. दिवस मावळताना जाऊन पोत्यांवर बसले. साठीला आलेली बाई चोरासारखी स्वतःच्याच कोठीत. लाज वाटली, पण उठले नाही.
दादा बोलत होता. आवाज चढवत नाही. त्यांच्या दुकानातून घ्यायचं नाही, त्यांच्या गाडीत बसायचं नाही, त्यांना माल द्यायचा नाही. जो ऐकणार नाही त्याचं नाव लिहायचं. मग आणखी काय काय. ते इथे लिहीत नाही. ज्यांच्या घरचा शिरखुर्मा खाल्ला त्यांच्याबद्दल असलं ऐकून घेणारी पोरं माझ्याच अंगणात वाढली.
एकाने विचारलं, "गण्या, तुझ्या काकूचं काय?"
ग. म्हणाला, "काकूचं मी बघतो."
काय बघणार आहे हा माझं?

२३ सप्टेंबर
सकाळी पाला टाकताना ग.कडे बघत होते. मागे राहिलेली अळी दोन बोटांनी उचलतो, पालवीवर ठेवतो. "खा बाई, खा." त्याच तोंडाने तो तिकडे हो हो म्हणतो.
मग माझ्याकडे न बघता, "काकू, या बारीला कोष न्यायला दुसरी गाडी बघू."
"का?"
"अशीच."
मी काय म्हणाले? "बरं." एवढंच! तोंडात आलेला शब्द गिळला. त्याने स्वतःहून विषय काढला होता आणि मी बरं म्हणून फांद्या पसरत राहिले. स्वतःचा राग येतोय.

२४ सप्टेंबर
शेवटचा मोल्ट. पुन्हा रिकामे हात. त्याच्याशी तसं बोलणं नाही.

२६ सप्टेंबर
मोल्ट उठला. आता खादाड दिवस. आपली तुती कमी पडली. मीच रफिकभाईंना फोन केला, त्यांनी स्वतःच्या वावरातल्या तुतीच्या दोन खेपा टाकल्या. ग. काही बोलला नाही. भुकेल्या अळ्या समोर असल्यावर काय बोलणार? त्यानेच फांद्या उचलून सगळ्या रॅकवर टाकल्या. शेडच्या वहीत मी नोंद केली, पाला रफिकभाईंचा, सर्व रॅक.

२७ सप्टेंबर
आज पुन्हा कोठीत. मागच्या वेळी डासांनी फोडून काढलं होतं, म्हणून घरातून कॉइल नेली. धूर ओट्यावर गेला असता तर समजलं असतं, म्हणून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली, जाळीच्या खिडकीशी. बैठक लांबली. दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव मांडणार, रफिकभाईंची गाडी गावात नको. दादा म्हणाला, "नुसतं नको म्हणून चालणार नाही. कारण लागेल." कोणीतरी म्हणालं, "कारण सापडंल." आवाज ग.चा होता का? नीट कळलं नाही. त्याचाच वाटला. त्याचा नसेलही.
रफिकभाईंना सांगू? सांगितलं तर त्यांच्याकडची पोरं उठतील. उद्या बघू.

२८ सप्टेंबर
सकाळी शेड उघडली. अळ्या माना वर करून झोके घेतायत, तोंडातून हिरवं पाणी. कितीतरी आक्रसून गेलेल्या. ग. उंबऱ्यातच मटकन बसला. चुन्यात बसलाय हेही कळलं नाही त्याला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तो रडला. खरंच रडला.
मग डोळे पुसून म्हणाला, "काकू, परवा पाला कुणाचा होता?"
मी थांब थांब म्हणेपर्यंत मोबाइल काढून ओट्यावर गेला.
दुपारपर्यंत गावभर. रफिकने पाल्यावर औषध मारून दिलं. कारण सापडलं.

२९ सप्टेंबर
मेलेल्या काढल्या, खड्डा करून चुना टाकून पुरल्या. ग. आला नाही, मी आणि मजुरीची बाई. काढता काढता लक्षात आलं. मेल्यात त्या कोठीच्या बाजूच्या दोन रॅकमधल्या. पलीकडच्या भिंतीच्या रॅकवरच्या खातायत. रफिकभाईंचा पाला तर सगळीकडे पडला होता.
कोठीत गेले. जाळीखाली कॉइलचं पत्र्याचं स्टँड, भोवती राखेचं कडं.
आठ वर्षांत या शेडच्या आसपास उदबत्ती लावली नाही मी. गणपतीतसुद्धा नाही. तंबाखू खाल्लेल्या माणसाला दारातून परत पाठवते. डासाला मारणारा धूर अळीला सोडेल का, हे मी नव्या लोकांना शिकवते. आणि मीच. चोरून ऐकण्याच्या नादात, धूर त्या पोरांपासून लपवला आणि अळ्यांवर सोडला.
अजून कुणाला माहीत नाही. कुणाला कळणारही नाही. हाही विचार आला मनात, लिहून ठेवते.

३० सप्टेंबर
रफिकभाईंच्या घरी गेले. सगळं सांगितलं. वाटलं होतं त्यांना हलकं वाटेल. त्यांनी विचारलं, "म्हंजे माझ्या गाडीचं तुम्ही आधीच ऐकलं होतं?"
"हो."
"आणि मला सांगितलं न्हाई."
भाभीने चहा ठेवला होता. तो त्यांनी पुढे केला, पण प्या म्हणाले नाहीत. सभेला मी खरं सांगेन म्हटलं. "सांगा. मी न्हाई येनार. माझ्यावर विचार चालू असताना मी तिथं मान खाली घालून बसू काय?"
घरी येऊन शेडच्या वहीत लिहिलं. अळ्या मेल्या, कारण डासांची कॉइल, लावणारी मी. खाली सही केली.

१ ऑक्टोबर
सकाळी ग. पाला टाकायला आला. उरलेल्या रॅकना. सांगितलं. स्टँड दाखवलं, वही दाखवली. हातांतल्या फांद्या तशाच धरून उभा.
"म्हंजे तुम्ही आमच्यावर पाळत ठिवून राह्यल्या होत्या?"
"हो."
"मला इचारायचं ना, काकू. एकदा तर इचारायचं."
मग मीही विचारलं, काकूचं मी बघतो म्हणालास, ते काय?
"ते तुमच्यावर बी बहिष्कार टाका म्हणून राह्यले होते. म्हणून बोललो, मी बघतो."
खरं असेल? ते पोरगं खोटं बोलताना कान चोळतं, लहानपणापासून. आज दोन्ही हातांत फांद्या होत्या.
म्हटलं, मग उद्या ठराव मागे घे. तर म्हणाला, "आता कसं होईल? सगळ्यांला सांगून बसलोय. दादा काय म्हणंल?" आणि जाता जाता, "तुम्ही सभेत बोलू नका. लोक तुमच्यावर हसतील, मला न्हाई बघवणार."
माझ्या काळजीने म्हणाला की स्वतःच्या? संध्याकाळचा पाला दोघांनी टाकला.

२ ऑक्टोबर
शेडची वही जागेवर नाही. खिळ्याला दोरी तेवढी लोंबतेय. मजुरीची बाई म्हणाली, गणेशभाऊ सकाळीच घेऊन गेले. पान फाडायला नेली की सभेत वाचून दाखवायला? काल संध्याकाळी पाला टाकून झाल्यावर त्याने ते पान दोनदा वाचलं होतं. बोट फिरवत, माझ्या सहीपर्यंत.
मनीषाचा फोन. "आई, जाऊ नकोस, ते लोक तुझं ऐकणार नाहीत." तिला म्हटलं, ऐकतात की नाही ते मला अजून माहीत नाही, मी त्यांच्याशी बोललेच नाही.
सभा अकराला. पत्र्याचं स्टँड राखेसकट पिशवीत टाकलंय. वही नसली तर हे तरी दाखवता येईल.
ग.ची मोटारसायकल ओट्यापाशी लागली आहे. दादाचाही आवाज येतोय, ग. काहीतरी जोरात म्हणतोय, इथून शब्द कळत नाहीत. कोठीत गेलं तर स्पष्ट ऐकू येईल.
कोठीला कुलूप घातलं. ओट्यावर समोरून जाते.