पुंजाजींच्या कोऱ्या कॅसेटी

६ नोव्हेंबर २०१७, सोमवार

पोचले एकदाची. मेहकरहून अंतर अकराच किलोमीटर, पण एसटीनं पाऊण तास घेतला. लॅपटॉप दोन ओढण्यांत गुंडाळून मांडीवर धरला होता. शेजारच्या बाईंना वाटलं तान्हं बाळ आहे, त्यांनी आपणहून खिडकीची जागा दिली!

फाट्यावर सिंधूताई उभ्या होत्या. मी 'जय भीम' म्हणेपर्यंत त्यांनी माझी पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतलीसुद्धा. साठीच्या असतील. बारीक आणि चालायला भलत्या चपळ. वयानं मी त्यांना आजी म्हणायला हवं, पण सगळं गाव ताईच म्हणतं, म्हणून मीही.

काम सोपं आहे. ताईंचे यजमान पुंजाजी रोज संध्याकाळी शेतातून आले की टेपरेकॉर्डरपुढे बसून दिवसभराचं बोलायचे. काय पेरलं, काय फवारलं, झाडाला बोंडं किती. लिहिता फारसं येत नव्हतं, म्हणून बोलायचे. १९९७ ते २००९. बीटी कापूस यायच्या आधीची वर्षं आणि नंतरचीही. अकोल्याच्या आमच्या शाकिर सरांना हे कळलं तेव्हा ते खुर्चीतून उठूनच उभे राहिले. म्हणाले, एवढं सलग कुणाकडेच नाही, विद्यापीठाकडेही नाही.

एकेचाळीस कॅसेटी आहेत. माझ्याकडे साबणाच्या डबीहून जरा मोठा प्लेअर आहे. कॅसेट घालायची, वायर लॅपटॉपला लावायची, आवाज आपोआप उतरतो. एक तासाच्या कॅसेटला एक तास लागतो, घाई करून उपयोग नाही. तीन आठवडे पुरेत.

रात्री भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर खाल्ला.

७ नोव्हेंबर, मंगळवार

कॅसेटी एका पत्र्याच्या पेटीत, कडुलिंबाच्या पाल्यात नीट रचून ठेवलेल्या. प्रत्येकीवर ताईंच्या चौथी पास अक्षरात तारखा. काहींना बुरशी लागली आहे. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसल्या, सैल पट्ट्या पेन्सिलीनं गुंडाळल्या. पेटीत पुंजाजींचा जुना टेपरेकॉर्डरही होता. शेवटच्या तीन कॅसेटींवर काहीच लिहिलेलं नाही. ताई म्हणाल्या, त्या कोऱ्या आहेत, त्यांनी आणून ठेवल्या होत्या, वापरायच्या राहिल्या.

पहिली लावली. आधी घसा खाकरल्याचा आवाज, मग, "आज मंगळवार. सकाळून आभाय होतं, पण पडलं नाही." किती निवांत आवाज! शेजारी बसून सुपारी कातरता कातरता बोलावं तसा.

तो आवाज खोलीत घुमला आणि ताई उठून बाहेर गेल्या. शेजारच्या जनकाबाईंकडे जाऊन बसल्या. आठ वर्षांत त्यांनी तो ऐकलेला नाही. मला आधी सुचायला हवं होतं. आता हेडफोन लावते.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

बीटीची पहिली वर्षं ऐकते आहे. पुंजाजी लहान पोरासारखे खूष आहेत. एका पऱ्हाटीला चौऱ्याऐंशी बोंडं मोजली, मग विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजली. "यंदा फवारणी दोनच. सिंधूच्या हातचे फोड गेले," असं ते म्हणतात. फवारणीचे कपडे ताई धुवायच्या आणि हात सोलून निघायचे, हे मला त्यामुळे कळलं.

पुढच्या वर्षांत आवाजातली मजा ओसरत जाते. मावा, तुडतुडे, मग पानं लाल पडणारा लाल्या. फवारण्या तीन, पाच, आठ.

ताईंच्या हातांकडे आज पाहिलं. बोटांच्या पेरांवरचे पांढरे डाग अजून तसेच आहेत.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

आज दुपारी ताई स्वतःहून बोलल्या. तूर निवडत होत्या. मान वर केली नाही.

२५ ऑगस्ट २००९. पोळा होऊन पाच दिवस झाले होते. सकाळी दोघांचं वाजलं. आदल्या दिवशीचा फवारणीचा शर्ट धुवायचा पडला होता. ताईंच्या हातांची आग होत होती. त्या म्हणाल्या, मी नाही धूत, तुमचं तुम्ही पाहा. तोच ओला, औषधानं भिजलेला शर्ट पुंजाजींनी अंगात घातला आणि पंप पाठीवर घेऊन गेले. दुपारी लोकांनी त्यांना बांधावरून उचलून आणलं. शुद्ध आलीच नाही. २७ तारखेला दवाखान्यातच वारले.

गावानं ठरवलं की पुंजाजीनं औषध घेतलं. कागदावरही तसंच लिहिलं गेलं. बायकोशी भांडला आणि घेतलं.

ताई म्हणाल्या, "लोकाईचं जाऊ दे. मले फक्त एवढं सांग, पोरी. त्यानं घेतलं का फवारताना त्याले लागलं? मी ऐकू शकत नाही. तू ऐक अन सांग."

एवढ्यासाठीच त्यांनी मला घरात घेतलं आहे. शाकिर सरांच्या संशोधनाचं त्यांना काही नाही.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

तारीख घातलेली शेवटची कॅसेट संपली. ती २४ ऑगस्टला थांबते. "उद्या खालच्या पट्टीत फवारा." मग खरखर.

थांबणारच. २५ च्या संध्याकाळी बोलायला माणूस शुद्धीवर होता कुठे? हे ताईंना माहीत आहे, तरी त्या आठ वर्षं आशेवर आहेत. दिवसभर त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, अजून थोडं राहिलंय.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

जे झालं ते क्रमानं लिहिते.

दुपारी दोन वाजता मी एक कोरी कॅसेट लावली. रिकाम्या पट्टीची खरखर मोजून घेतली की बाकीच्या आवाजांतून ती काढता येते, एवढाच हेतू. हेडफोनमध्ये घसा खाकरला गेला.

"आज पंचवीस तारीख. मंगळवार. वारं उलटं फिरलं. सगळं औषध तोंडावर आलं. शर्ट तर आधीचाच ओला. डोकं जड झालं म्हणून लिंबाखाली टेकलो. आता बरं आहे. सिंधूचं खरं आहे, तिच्या हाताची पार सालं निघाली. उद्यापासून मीच धुईन."

मी हेडफोन काढून ओरडणारच होते, ताई, त्यांनी नाही घेतलं, लागलं!

मग लक्षात आलं की त्या संध्याकाळी ते बेशुद्ध होते.

कॅसेट चालूच होती. "आज सव्वीस तारीख. बुधवार."

१८ नोव्हेंबर, शनिवार

तासाभराची कॅसेट. मी सकाळी नऊला लावली, आता चार वाजून गेलेत. ती संपत नाही. चाकं फिरतात, पण पट्टी आहे तेवढीच राहते.

रोजची नोंद आहे. सप्टेंबर २००९. दिवाळी. २०१०. २०१२. त्यांना माहीत नाही. ते रोज शेतात जातात आणि रोज घरी येतात. सिंधू बोलत नाही म्हणतात. शर्टावरून रुसली ती रुसलीच. "मी तिच्या पुढ्यात बसतो, ती भाकर थापते, माह्याकडं पाहत बी नाही. ताटही एकच घेते." एका नोंदीत ते नुसते रडतात. मोठ्या माणसाचं रडणं, दाबलेलं.

शाकिर सरांना फाइल पाठवली. त्यांचा फोन आला, काहीच नाही यात, समता, सरळ रेघ आहे नुसती. मीही लॅपटॉपवर पाहिलं. सरळ रेघ. हेडफोनमध्ये मात्र ते खाकरत होते.

ताईंना अजून सांगितलेलं नाही. कोणत्या तोंडानं?

२० नोव्हेंबर, सोमवार

आज ते म्हणाले, बोंडं बाहेरून नामी दिसतात, फोडली तर आत गुलाबी अळी. ही अळी यंदाची आहे. ताईंचं वावर बटईनं करणारा माणूस कालच पऱ्हाटी उपटून बांधावर टाकून गेला.

मी कॅसेट थांबवायला हात पुढे केला.

"घरात एक पोरगी आली आहे," ते म्हणाले. "दिवसभर कानाले लावून बसते. माहं तिले ऐकू जाते वाटते. पोरी, सिंधूले एवढं इचार, मी अशी काय चूक केली? आठ वर्ष कोणी रुसते का?"

हात तिथेच राहिला. भीती वाटली, खूप वाटली. पण लिहिताना कळतं आहे, भीतीपेक्षा वाईट काहीतरी होतं ते.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

सांगितलं. सगळं. ताई वेडी म्हणतील वाटलं होतं. त्यांनी हात पदराला पुसले, हेडफोन मागितला आणि भिंतीला टेकून बसल्या. दुपारभर ऐकलं. डोळे मिटलेले, ओठ हलत होते.

मग म्हणाल्या, "आठ वर्ष मले वाटे मी त्याले मारलं. अन त्याले वाटून राह्यलं, मी रुसली."

त्यांनी पेटीतून जुना टेपरेकॉर्डर काढला. जनकाबाईंकडून सेल आणले. तीच कॅसेट घातली आणि रेकॉर्डचं लाल बटण दाबलं. मी नको म्हणत होते. का नको, ते मला सांगता येईना.

"अहो, मी रुसली नाही. तुम्ही मले दिसत नव्हते. घरी या. शर्ट आणा, मी धुते."

२२ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी औषधाच्या वासानं जाग आली. गोडसर, उग्र, घशाला चिकटणारा. अंगणातल्या दोरीवर एक पुरुषाचा शर्ट होता. निथळत होता. खाली पडणारं पाणी दुधासारखं पांढरं.

ताई चुलीपुढे बसल्या होत्या. दोन ताटं मांडलेली. हसल्या माझ्याकडे बघून. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना हसताना पाहिलं. हात कोपरापर्यंत लाल झालेले.

मी म्हटलं, ताई, शेगावला माझ्या घरी चला, चार दिवस राहू. चला इथून. त्या म्हणाल्या, "आता कुठं तो घरी आला बाई."

प्लेअर बंद आहे. सेल काढून ठेवले. तरी मधल्या खोलीत कुणीतरी खाकरतं —

२३ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी ताईंच्या तोंडातून लाळ. अंगभर घाम. डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या. जनकाबाईंनी जीप बोलावली. मेहकरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कोणतं औषध फवारत होत्या, किती तास?

जनकाबाई म्हणाल्या, ही आठ वर्षं वावरात गेली नाही.

डॉक्टर माझ्याकडे वळले. घेतलंय का, असं विचारलं. मी ओरडले, नाही — लागलंय. लागलंय त्यांना.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

अकरा वाजता गेल्या.

दोरीवर शर्ट नव्हता. खाली गवत जळालेलं.

अंत्यविधी झाला, बुद्धवंदना झाली. गाव पुन्हा तेच बोलतं आहे. सिंधूनं बी घेतलं.

मी सांगायला नको होतं. मी फक्त — ती शेवटची दुपार त्या इतक्या —

२५ नोव्हेंबर, शनिवार

सरांनी परत बोलावलं आहे. चारची एसटी. सामान घ्यायला आले. जनकाबाई बाहेर उभ्या आहेत, आत यायला तयार नाहीत.

प्लेअर उचलला. हेडफोन लावलेला नव्हता. सेल नव्हते.

दोघं बोलत होते. पऱ्हाटीचं, पाण्याचं, कुणाच्या तरी लग्नाचं. इतकं साधं. मी भिंतीला धरून ऐकत राहिले. वाटलं, चांगलं झालं. खरंच वाटलं —

मग ताई थांबल्या.

"कालपासून समता बोलत नाही हो," त्या म्हणाल्या. "मी तिच्यापुढं उभी राहते, ती आपली रडते नुसती. मी हात लावला तर पाहत बी नाही. काय चुकलं माहं?"

त्यांना माहीत नाही. त्यांना कुणी सांगितलेलंच —

पुंजाजी समजूत काढतात. बोलेल, म्हणतात. पोरगी चांगली आहे. आठ वर्षं मी काढली, तू बी —

आठ वर्षं. ताई रडायला लागल्या आहेत. इथेच, माझ्या शेजारी. अंगाला वास येतो आहे तो —

जनकाबाई बाहेरून हाका मारताहेत. एसटी आली.

जायला हवं. बोलायचं नाही. बोललं की काय होतं ते मी पाहिलं आहे. पण त्या विचारताहेत, पोरी, मी तुले लेकीसारखं — पुन्हा पुन्हा तेच —

जुना टेपरेकॉर्डर पुढ्यात आहे. एकच वाक्य. एवढंच सांगते की मी रागावलेली ना