बनियनवरून चोळणं म्हणजे चोळणं नव्हे

८ मार्च १९७१
सातवीत लेझीमच्या वेळी ड्रिलमास्तर म्हणाले होते, "याला मुलींच्या रांगेत उभं करा, तिथं शोभेल." मी ते केव्हाच विसरलो. सोळा वर्षं झाली. शनिवार होता आणि मास्तरांच्या शिट्टीची दोरी लाल होती. बाकी काही आठवत नाही.

काल सुप्याच्या अलीकडच्या वस्तीवर पुंजारामबापूंच्या चांगुणाशी सुपारी फुटली. लग्न २ मे. म्हणजे १ मेला हळद. मांडवात अख्ख्या गावासमोर उघड्या अंगानं पाटावर बसायचं आणि बायका हळद चोळणार. ज्या छातीवर मी कधी ऊन पडू दिलं नाही, ती!

आज सर्जनला भेटलो. म्हणाले, पुष्कळ पुरुषांची छाती अशी वाढते, आत गाठ असते, कापून काढता येते. प्रश्न मिटला. कुणाला सांगायचं नाही. ऑफिसात सायकलवरून पडलो म्हणायचं. आईलाही तेच. साधा, सरळ प्रोग्रॅम.

१६ मार्च
काल ऑपरेशन झालं. दोन्ही बाजू. दुखतं, पण मी सोशिक आहे. सिस्टर म्हणाल्या, रात्रभर ओरडत होता. गुंगीतलं धरायचं नसतं.
डॉक्टरांच्या सूचना: पट्टा तीन आठवडे रात्रंदिवस. हात खांद्यावर न्यायचा नाही. चोळायचं नाही, शेकायचं नाही. शंभर टक्के पाळणार. असला शिस्तीचा पेशंट त्यांना मिळाला नसेल.

१९ मार्च
खोलीवर आलो. संध्याकाळी ऑफिसातले चांदभाई आले. मोसंबी घेऊन. कुठं पडलात? स्टेशनजवळच्या मोरीवर, म्हटलं. कुठल्या बाजूवर? दोन्ही. "दोन्ही बाजूंवर एकदम कसं पडता आलं तुम्हाला, गहिनीनाथभाऊ?" म्हटलं, आधी डावीकडे पडलो, उठलो, मग उजवीकडे. त्यांना पटलं. मी मूळचाच हजरजबाबी.

मांडवात पाटावर कसा बसेन याची थोडी प्रॅक्टिस केली. हनुवटी वर.

२१ मार्च
चांदभाई माणूस सोन्यासारखा. त्याचाच त्रास. आज हाडवैद्याला टांग्यात घालून घेऊन आले. म्हातारा म्हणाला, बरगडी सरकल्याली दिसती, लगीन तोंडावर हाय, बशीवली पायजे.
नको म्हटलं असतं तर संशय आला असता. खरं सांगितलं असतं तर चांदभाईंनी कुणाला सांगितलं नसतं, पण त्यांना तरी कशाला कळावं? मधला मार्ग काढला. पडद्याआड जाऊन पट्टा सोडला, वरून बनियन घातलं आणि म्हाताऱ्याला म्हटलं, मला लाज फार, बनियनवरूनच काय ते करा. डॉक्टरांनी चोळू नका म्हटलं होतं हे खरं. पण बनियनवरून चोळणं म्हणजे चोळणं नव्हे.
कोमट तेल. दोन्ही अंगठे. डावीकडे आत काहीतरी फाटल्यासारखं झालं. म्हातारा खूश होऊन म्हणाला, बसली बघा! मग गरम विटेचा शेक. चांदभाई माझा हात धरून बसले होते. मी हसत होतो. डोळ्यांतलं पाणी तेलाच्या वासानं आलं.

२२ मार्च, सकाळी
डावी बाजू फुगली. ऑपरेशनच्या आधी होती त्याहून मोठी. रंग वांग्यासारखा. घाबरण्यासारखं काही नाही. रक्त त्या भागात जोरात येतं आहे, म्हणजे भरून येतं आहे.

दुपारी
कातडी तकतकीत, दगडासारखी. उठलो की अंधारी येते. उद्यापर्यंत वाट पाहू.

२३ मार्च
उद्यापर्यंत वाट पाहिली ती चूकच. चांदभाईंनीच टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. त्यांना बाहेर बसवलं. डॉक्टरांनी पाहिलं आणि टाके तिथंच उघडले. काळ्या गाठी निघाल्या, लोखंडी तबक भरलं. आत रक्त साकळलंय, म्हणाले. कुणी काय केलं? मी म्हटलं, सायकलवरून पडलो. डॉक्टर म्हणाले, "ते तुम्ही ऑफिसात सांगायचं ठरलं होतं. मला नाही."
रक्त वाहणारी शीर बांधली. छातीत रबरी नळी, ती खाटेखालच्या बाटलीत. वर आणखी घट्ट पट्टा. दहा दिवस मुक्काम.
एक बरं, मेपर्यंत भरपूर वेळ आहे.

२७ मार्च
चांगुणाचे काका नगरच्या बाजाराला आले होते. जावई पडला म्हणून पाहायला आले. नळीकडे पाहिलं. खाटेखाली वाकून बाटलीकडे पाहिलं. "पाव्हणं, ही छातीतनं रगत कशाचं?" मी म्हटलं, काही नाही, जुनंच दुखणं आहे, आता बरं होईल. "किती जुनं?" लहानपणापासूनचं, म्हटलं.
खोटं एक अक्षर बोललो नाही. काकांनी आणलेल्या केळ्यांचा घड माझ्या हातात न देता खिडकीत ठेवला आणि जाताना धोतराचा सोगा तोंडाशी धरला. दवाखान्याचा वास सहन होत नसेल.

३१ मार्च
आई आली. गावभर झालंय, पोराला क्षय आहे, छातीतून रक्त येतं. पुंजारामबापूंनी सुपारी परत पाठवली.
सिस्टर ड्रेसिंगला आल्या. आईला बाहेर जा म्हटलं, ती गेली नाही. तिनं पाहिलं. मग सगळं सांगावं लागलं. लेझीमपासून.
ती पदराचं टोक चाळवत बसली. मग म्हणाली, "तुज्या बापालाबी हुतं की रं. आसंच. लगीन झाल्यावर महिन्यानं मला ध्यानात आलं. म्हटलं, खात्यापित्या घरचा गडी हाय." मग, "मला इचारलं आसतंस तर?"
विचारायचं कसं असतं ते मला माहीत नाही. लिहून काय उपयोग.

३ एप्रिल
नळी काढली. डॉक्टरांनी आपण होऊन सर्टिफिकेट दिलं. क्षय नाही, प्रकृती निकोप. पण खाली ऑपरेशनचं नाव. तेवढं गाळा म्हटलं. "नाव नसलेल्या ऑपरेशनचं सर्टिफिकेट कोण मानेल?" मी म्हटलं, बरोबर आहे. खिशात ठेवलं. आई म्हणाली, आजच्या आज घेऊन जाते. म्हटलं, घाई नको. योग्य वेळ पाहून मीच जाईन. कागद नेमक्या वेळी ठेवण्यात सगळं असतं, ऑफिसात शिकलो आहे.

९ एप्रिल
योग्य वेळ पाहत होतो. आज चांदभाई आले, पायरीवरच उभे राहिले. चांगुणाचं राहुरीकडच्या कुणाशी ठरलं. तारीख २ मेच. मांडव सांगून ठेवलेला, तो कशाला मोडायचा.
चांदभाई रडले. म्हणाले, त्या म्हाताऱ्याला मी आणला. म्हटलं, तुमचा काय दोष, पडलो मी. मग मात्र त्यांना खरं सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, "अजून दुखतं का?" एवढंच विचारणार होते तर.

पाहायला गेलो तेव्हा चांगुणानं पाण्याचा दुसरा तांब्या न मागता आणून ठेवला होता. मी धुळीतून चालत आलो होतो, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिच्या आलं. अशा बाईपासून मी लपवणार होतो.

११ एप्रिल
आज पोस्टात टाकलेल्या पत्राची नक्कल:

ति. पुंजारामबापू यांस सा. न.
मला क्षय नाही. डॉक्टरांचा कागद सोबत आहे, त्यात सगळं लिहिलं आहे, तो चारचौघांत वाचून घ्यावा. कागदावर विश्वास नसेल तर येत्या रविवारी माझ्या खोलीवर यावं. काकांना आणावं, हवं त्याला आणावं. मी अंगावरचं काढून उजेडात बसेन. उजवीकडे एक व्रण आहे, डावीकडे खड्डा पडला आहे, तो आता भरणार नाही. हात लावून पाहावं. हसू आलं तर हसावं.
तुम्ही येणार नाही हे मला ठाऊक आहे. शब्द दिला गेला, मांडव ठरला. तरी दुसरीकडे हळद लागण्याआधी चांगुणाबाईंना हे सगळं जसंच्या तसं सांगावं आणि त्यांना एकदा विचारावं, एवढी विनंती.