उलटी बसलेली जाळी

प्रिय डेलमार,

हे पत्र तुला सहा आठवड्यांपूर्वी मिळायला हवं होतं. उशिराबद्दल माफ कर. दोनदा लिहिलं आणि फाडलं. माझी शाळा आठवीत सुटली, लिहिणं मला जड जातं, हे तुला माहीत आहे. पण उशिराचं कारण ते नाही. तुझ्या बहिणीला फोन केला, तर ती म्हणाली, "तो कुणाशीच बोलत नाही, आणि तुमच्याशी तर मुळीच नाही." पत्ता मात्र तिने दिला. तू तिच्या तळघरात राहतोस आणि अजून काम मिळालेलं नाही, हेही तिनेच सांगितलं. तिकडे बेमिजीत आमच्या डुलुथपेक्षा जास्त गारठा असणार. तळघर कोरडं आहे ना? तुझा खोकला वाढला नाही ना? मला आपली सारखी काळजी लागून राहते.

रोझाली सोमवारी इस्पितळातून घरी आली. जबड्याच्या तारा काढल्या, पण डावा डोळा गेला. वृद्धाश्रमातली तिची नोकरी दुसरीला दिली. ती खिडकीशी बसून असते, आणि रस्त्यावरून सायकल गेली की मान फिरवते. मी तिला भेटून आलो. त्याचं पुढे सांगतो, आधी सांगायचा धीर होत नाही.

ती हिरवी सायकल तुला आठवतच असेल. हँडल फिरताना कचकच वाजत होतं, म्हणून रोझालीने ती आपल्या कार्यशाळेत आणून टाकली होती. मी पुढच्या चाकाचा चिमटा खाली ओढला, छर्रे त्यांच्या जाळ्यांसकट धुतले, नवं ग्रीस भरलं आणि पुन्हा बसवायला लागलो, तर ते काही केल्या बसेना. नट आवळला की हँडल अडकायचं. पाव फेरा सैल केला की पुढचा ब्रेक दाबल्यावर खडखड. मी वॉशर बदललं, नट बदलला, छर्ऱ्यांची खालची कटोरी पुन्हा ठोकून बघितली. अख्खा गुरुवार त्यात गेला. तू जाता जाता म्हणालास, "काय मास्तर, लग्न लावताय की काय तिच्याशी?" आणि सगळे हसले. मला राग आला. साठ वर्षं ज्या हातांनी हेच काम केलं, त्यांना एक हँडल बसवता येईना! शेवटी नट आवळला, दोन्ही हातांनी हँडल इकडून तिकडे पन्नास वेळा जोर लावून फिरवलं. हळूहळू ते मोकळं झालं. मला वाटलं, बसलं एकदाचं.

दुरुस्तीची चिठ्ठी तुला सहीसाठी दिली तेव्हा तुझ्यासमोर तीन सायकली उघड्या पडल्या होत्या. तू विचारलंस, "चाक उचलून बघू का?" मी म्हणालो, "मी दोनदा बघितलंय. माझ्यावर विश्वास नाही का?" त्यावर तू नुसता हसलास आणि तपासणाऱ्याच्या जागी सही केलीस. एकाने दुरुस्त करायची, दुसऱ्याने तपासायची, एवढा एकच तर नियम आपल्याकडे. तो मी तुला मोडायला लावला.

चार दिवसांनी रोझाली सकाळच्या पाळीला निघाली. उतार संपतो तिथे वळताना हँडल फिरलंच नाही. ती सरळ जाऊन उभ्या ट्रकवर आदळली.

चर्चच्या तळघरात, आपल्या कार्यशाळेतच, बैठक झाली, तो दिवस मी विसरू म्हणतो, पण विसरता येत नाही. चिठ्ठीचा माझ्या सहीचा अर्धा भाग हँडलला बांधलेला होता, तो रस्त्यावर कुठे उडून गेला देव जाणे. कार्यशाळेच्या पेटीत राहिला तो तुझ्या सहीचा अर्धा. जोआनने कार्यशाळेच्या कमिटीची प्रमुख म्हणून विचारलं, "दुरुस्ती कुणी केली?" तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "मीच. दोन्ही मीच केलं." मी तोंड उघडलं, डेलमार. खरंच उघडलं. आणि कॉफी प्यायलो. त्यांनी तुला तिथल्या तिथे काढून टाकलं. जिन्यात तू म्हणालास, "मास्तर, तुम्ही घरी बसलात तर दोन महिन्यांत जाल. माझं काय, पाना धरायला कुठेही मिळेल." मी तुझं म्हणणं सोयीचं म्हणून खरं मानलं. माझी बायको मार्था गेल्यापासून मला त्या तळघराशिवाय दुसरी जागा नाही, हे तुला कळत होतं. आणि तुला कळतंय, हे मला कळत होतं.

पोलिसांनी सायकल परत पाठवली, तेव्हा मी ती एकटाच उघडली. वरची छर्ऱ्यांची जाळी उलटी होती. मी आयुष्यभर ज्या सायकली उघडल्या, त्यांत वरची जाळी एका तोंडाने बसते आणि खालची दुसऱ्या. ही जपानी, हिच्यात वरचा भाग उलट घडवलेला, म्हणून दोन्ही एकाच तोंडाने बसवायच्या होत्या. माझ्या हातांनी न बघता सवयीने बसवली. ते जे मोकळं झालं असं मला वाटलं, ती जाळी चुरडत होती. पुढे ती तुटली आणि तिचे तुकडे छर्ऱ्यांत अडकले. तू नुसतं चाक उचलून हँडल एका बोटाने ढकललं असतंस, तरी तुला कळलं असतं.

मग रोझालीकडे गेलो. ती म्हणाली, "त्या डेलमारला सांगा, मी त्याला मरेपर्यंत माफ करणार नाही." मी म्हणालो, तो नव्हे, मी. तिने एवढंच विचारलं, "मग सहा आठवडे कुठे होतात?" टोपी हातात घेऊन बाहेर आलो.

काल कमिटीपुढे उभा राहून सगळं सांगितलं. तुटकी जाळी टेबलावर ठेवली. आणि डेलमार, त्यांचा विश्वास बसला नाही. जोआनने माझा हात थोपटला. म्हणाली, "ऑर्विल, तुमचं मन मोठं आहे. पण त्याने सगळ्यांसमोर कबूल केलंय. आणि सायकल तुम्ही एकट्यानेच उघडलीत ना?" रोझालीने मी सांगितलेलं कळवलं, तर ते म्हणतात, म्हातारा दोस्ताला वाचवायला तिच्याकडेही गेला. अठ्ठावीस तारखेला त्यांचा अहवाल निघेल, सगळा दोष तुझ्या नावावर टाकून. तो आसपासच्या सगळ्या कार्यशाळांना जाणार आहे. मग तुला सायकलीला हात कोण लावू देईल? तुझ्या दोन ओळींशिवाय आता काही होणार नाही. सायकल ऑर्विलने बसवली, मी नुसती सही केली, एवढंच लिही. माझं काय होईल याचा विचार तू एकदा केलास, तेवढा पुरे. माझ्यावर रागावला असशील तर तेही लिही, शिव्या लिही, पण लिही. मी रोज पोस्टमनच्या वेळेला दारात उभा असतो. अठ्ठावीसच्या आत तुझं पत्र येऊ दे.

तुझाच,
ऑर्विल