वहीतली पहाडी मैना

अण्णा, आज तुमच्या पक्ष्यांच्या वहीत मी रेघ मारणार आहे. उद्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई वही न्यायला येतील. कलकत्त्यातल्या पक्ष्यांच्या जुन्या नोंदी त्या जमवताहेत, आणि फोनवर सगळ्यात आधी त्यांनी विचारलं ते तळ्यावरच्या पहाडी मैनेबद्दल. "शहरात ती मोकळी दिसल्याची दुसरी नोंदच मला मिळत नाही," म्हणाल्या. मिळेल कशी? मी ऐंशी ओलांडली, हात थोडा कापतो, पण पट्टी काढून ठेवली आहे. रेघ सरळच येईल.

तुम्ही खिदिरपूरच्या गोदीत, कस्टम्समध्ये. आठवडाभर लोकांच्या पेट्या उघडायला लावायच्या आणि ते सांगतील त्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे तुमचं काम, आणि रविवारी पक्ष्यांचीही तुम्ही तशीच झडती घ्यायचात. बालीगंजच्या घरून पहाटेच निघून आपण तळ्यावर जायचो. एका बोटीच्या अधिकाऱ्याकडून घेतलेली जुनी दुर्बीण तुमच्या गळ्यात, वही माझ्या हातात. एकदा पलीकडच्या काठावरच्या माणसाने सांगितलेला खंड्या मी वहीत लिहून टाकला. "तू पाहिलास?" तुम्ही विचारलंत. नाही म्हटलं. "मग तो त्यांच्या वहीत जाईल, आपल्या नाही." मी खोडरबर शोधायला लागले तर तुम्ही माझा हात धरलात. चुकलेली नोंद पुसायची नाही, तिच्यावर एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही करायची. दुसरा नियम पिंजऱ्यातून सुटलेल्या पक्ष्याचा. तो कितीही देखणा असला तरी वहीत घ्यायचा नाही, कारण तो आपल्या पायांनी इथे आलेला नाही. आपल्या पंखांनी म्हणा, असं मी म्हटलं तेव्हा तुम्ही हसला होतात.

ते हसू एका हिवाळ्यात गेलं. गावाकडे आजी आजारी होती, तुम्हाला रजा उशिरा मिळाली, आणि हावड्याहून गाडी पकडून तुम्ही पोहोचलात तोवर सगळं आटोपलं होतं. परत आलात आणि दुर्बीण खुंटीवरच राहिली. चार रविवार, पाच रविवार. तुम्ही वर्तमानपत्र उघडून बसायचात आणि पान उलटायचा नाहीत. आई म्हणायची, "अहो, पोरगी बूट घालून बसली आहे." तुम्ही म्हणायचात, "तिथे नवीन काय दिसणार आहे?" मी बारा वर्षांची होते आणि ते वाक्य मला अजिबात सहन व्हायचं नाही.

त्याच दिवसांत खालच्या मजल्यावरच्या मासीमा लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आणि त्यांची पहाडी मैना माझ्या हवाली करून गेल्या. काळी कुळकुळीत, डोळ्यामागे पिवळी झालर, आणि कुणाची चाहूल लागली की मासीमांच्याच आवाजात "के रे?", म्हणजे कोण आहे रे, असं विचारायची. एका शनिवारी पिंजरा साफ करताना दार उघडं राहिलं आणि ती उडाली. घाबरून मी आईला सांगितलं की मैना मेली, मागच्या जास्वंदीखाली पुरलीसुद्धा. आईला खरं वाटलं. तुम्हालाही वाटलं.

दुसऱ्या दिवशी हट्ट करून, जवळजवळ ओढतच, मी तुम्हाला तळ्यावर नेलं. उंबराच्या झाडावर ती बसलेली. तुम्ही दुर्बीण डोळ्यांना लावलीत. मग तुमची झडती सुरू झाली: पिंजऱ्यात घासून झिजतं तसं शेपूट झिजलेलं नाही, पायात कडी नाही. "मासीमांची तर मेली ना?" तुम्ही विचारलंत. "मेली," मी म्हणाले. ती "के रे?" म्हणाली असती तर सगळं संपलं असतं. ती नुसती शीळ घालत राहिली. तुम्ही बाकावर बसून वहीत नोंद केलीत, पेनने, आणि माझ्याकडे बघून इतके हसलात की मला रडूच आलं. पुढच्या रविवारी माझ्याआधी तुम्ही बूट घालून तयार होतात.

मासीमा परत आल्या, जास्वंदीपाशी उभ्या राहून त्यांनी डोळे पुसले, आणि मला जवळ घेऊन म्हणाल्या, तुझी काही चूक नाही. तुम्ही ती नोंद पक्षीनिरीक्षकांच्या एका पत्रिकेला पाठवलीत. चार ओळी छापून आल्या, खाली तुमचं नाव. तुमचं नाव छापून आलं ते तेवढंच. आईने ते पान शेवटपर्यंत ट्रंकेत जपलं. म्हणून मी गप्प राहिले, तुम्ही असताना आणि गेल्यावरही. पण मी स्वतः साठ वर्षं तुमच्या नियमाने वह्या लिहिल्या, दुसऱ्यांच्या नोंदी याच नियमाने नाकारल्या, आणि ही एक तशीच ठेवली. आता नाही. उद्या बाईंना सगळं सांगणार आहे. तुमचं नाव त्यांच्या यादीतून जाईल, ते मला फार लागणार आहे, तरी जाईल.

मारली रेघ. खालचं वाचता येतं. शेजारी सही केली आहे, माझी.

हे पत्र वहीतच ठेवणार होते, पण बाईंच्या हाती पडेल म्हणून फाडून टाकणार आहे. त्यामुळे एवढं लिहिते. दार उघडं राहिलं नव्हतं, अण्णा. त्या शनिवारी दुपारी बाजाराच्या पिशवीत घालून मी तिला तळ्यावर नेलं, आणि उंबराखाली तुमच्यासाठी सोडलं.