तेरेखोलला नेलेली साडी

पार्से, मे १९८८

शेवंते बाय,

गोवा राज्य झालं त्या महिन्यात आपण दोघी तेरेखोलचा किल्ला बघायला गेलो, ती सहल नव्हती. केरीच्या फेरीबोटीत तू विचारलंस, "आक्का, एवढ्या उन्हात तुझी ही भारी साडी मला कशाला?" मी म्हटलं, "फोटो काढूया गो." कॅमेरा माझ्याकडे नव्हताच.

तटाजवळ आपण पाव-भाजी खाल्ली, तेव्हा शेजारी बसलेली माणसं मुलाकडची होती. नापसंत झालीस तर तुला कळायलाही नको, म्हणून आईने तसं ठरवलं होतं. वाऱ्याने छत्री उलटी झाली, तशी तू खळखळून हसलीस आणि तिथेच त्यांना पसंत पडलीस. मुलगा पिऊन हात उगारतो, हे मला ठाऊक होतं. "लग्नानंतर सुधरतात," आई म्हणाली. मी तुला कळू दिलं नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या गणेश चवथीला माहेरी आलीस तेव्हा उकाड्यातही अंगभर पदर घेऊन होतीस. मी काही विचारलं नाही.

तुझी पत्रं आधी सासू वाचते, म्हणून हे पाठवत नाही. आईने आज तीच साडी आपल्या धाकट्या मालूसाठी पेटीतून काढली. रविवारी तिला तेरेखोलला न्यायचं आहे. मी हो म्हटलंय.

तुझी,
आक्का