विंगेतून आलेलं वाक्य

३ नोव्हेंबर
भूमिका मिळाली. नाटकात चारशे वर्षांपूर्वीची, विलायतेतली नाटक कंपनी. बायकांना रंगमंचावर बंदी, म्हणून पोट सुटलेला एक नट जन्मभर राणी करतो. गाणी आहेत, पडापडी आहे. राणी मी. दिग्दर्शक म्हणाला, शोधायला लागलं नाही. कौतुक म्हणून घेतलं.
प्रॉम्प्टर नेहमीप्रमाणे आमची ही. उन्हाळ्यात भावाकडे राहायला गेली, तेव्हापासून माझ्याशी एक शब्द नाही. पण आमचं नाट्यमंडळ तिनंही सोडलं नाही. याचा अर्थ उघड आहे.
संकल्प: पाठांतर चोख. बघत राहील.

९ नोव्हेंबर
सगळं पाठ. तरी आज एका जागी अडलो. राजा लढाईला निघतो, राणी म्हणते, "जा, महाराज." पुढचं आठवेना. विंगेतून हिचा आवाज आला: "दार मी उघडंच ठेवीन."
इतक्या महिन्यांतलं पहिलं वाक्य. तेही असं.
संकल्प बदलला.

१२ नोव्हेंबर
बऱ्याच ठिकाणी विसरलो. दर वेळी बोलली. प्रेमाच्या वाक्यांना आवाज जरा मऊ. "मूर्खा, माझा झगा सोड" हे तर अगदी घरच्यासारखं.

१७ नोव्हेंबर
दिग्दर्शकानं बाजूला घेऊन विचारलं, घरी काही टेन्शन आहे का. म्हटलं, घरचं सुधारतंय. राजा करणारा केमिस्ट कुरकुरतो. म्हणे, तुझ्यापायी मी रोज लढाईला निघतो आणि दारातच ताटकळतो.
त्याला यातलं काय कळणार.

२१ नोव्हेंबर
मेहुण्याला फोन केला. ती घरात नाही म्हणाला. मागून हिचाच आवाज: नाही म्हणून सांग. तालमीबाहेरही आवाज कानावर पडला. प्रगती.
जाताना म्हणाली होती, मी बोलते ते तुझ्यापर्यंत पोचतच नाही. आता बघ म्हणावं. विंगेतला श्वाससुद्धा ऐकू येतो.
रात्री दाराला कडी लावायचं सोडलं आहे. शेजारच्या काकू म्हणाल्या, चोर शिरेल. हसलो.

२९ नोव्हेंबर
रंगीत तालीम. घेरदार झगा विंगेच्या चौकटीत अडकला, तिघांनी ढकलून आत घेतलं. शेवटी केक. दिग्दर्शक लांबलचक बोलला. मी टोपातल्या पिना काढत होतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. हिचे डोळे ओले. प्रयोगाचं दडपण.
केकचा दुसरा तुकडा हिनं स्वतः आणून दिला. काही म्हणालीही. टोप कानावर होता, नीट ऐकू आलं नाही. मान डोलावली. उद्या विचारेन.

३० नोव्हेंबर
पहिला प्रयोग. हाउसफुल.
"जा, महाराज." थांबलो. विंगेतून काहीच नाही. राजाही थांबला. कोणीतरी खोकलं. मग दिग्दर्शकाचा घोगरा आवाज, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असा: "दार मी उघडंच ठेवीन." थिएटर पोट धरून हसलं. हिच्या स्टुलावर तो बसला होता.
मध्यंतरात केमिस्ट म्हणाला, "अरे, काल तिच्या निरोपाचाच केक खाल्लास ना? दुसऱ्या गावी नोकरी लागली तिला. सकाळच्या गाडीनं गेली."
विचारलं, काल ती मला काय म्हणाली, तू ऐकलंस का.
म्हणाला, "तुला सांगत होती. मी कशाला कान देऊ?"

७ डिसेंबर
दुसरा प्रयोग. कुठंही अडलो नाही. दिग्दर्शकानं खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, झालं बाबा एकदाचं पाठांतर. विंगेतलं स्टूल उचलून पेटीवाल्या मुलीला दिलं.
घरी आलो. जाताना उघडं ठेवलेलं दार वाऱ्यानं आपटत होतं म्हणून काकूंनी बाहेरून कडी घातली होती. बाहेरून कडी, म्हणजे आत कोणी नाही.
तरी हाक मारली. आणि थांबलो.